गावाचा कार्बनचा हिशोब कसा मांडायचा आणि तो ग्रामपंचायतीच्या आराखड्यात कसा बसवायचा

ग्रामपंचायतीत नव्याने निवडून आलेले मेंबर, सरपंचताई, गावातली शिकलेली पोरं असे बरेच जण हल्ली विचारतात की ते कार्बन न्यूट्रल गाव (जितका कार्बन हवेत सोडतं तितका शोषूनही घेतं असं गाव) म्हणतात ते नक्की करायचं कसं, आणि आपण काही सांगायच्या आत पुढचं वाक्य येतं, "यंदा दोन हजार झाडं लावतोय." झाडं लावा, जरूर लावा, पण सुरुवात तिथून करू नका. सुरुवात करायची ती ग्रामपंचायतीच्या कपाटातल्या लाईट बिलाच्या फाईलपासून, कारण आपलं गाव किती आणि कशातून कार्बन सोडतंय हे माहीत नसेल तर कमी काय करणार आणि मोजणार कसं.

हे सगळं मी महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीला धरून लिहितोय. नगरपंचायतीलाही पद्धत हीच, फक्त आकडे मोठे. मोठ्या शहराचा आराखडा समोर ठेवून मात्र गावाचा आराखडा करायला जाऊ नका. मुंबईने मार्च २०२२ मध्ये स्वतःचा वातावरण कृती आराखडा आणला, २०१९ हे पायाभूत वर्ष धरलं, आणि हिशोब आला वर्षाला २ कोटी ३४ लाख टन कार्बन डायऑक्साइडइतका, त्यात ७२ टक्के वीज आणि इमारतींमधला इंधनवापर, २० टक्के वाहतूक, ८ टक्के कचरा. मुंबईत गायी-म्हशी, शेतीपंप, युरिया असला हिशोब जवळपास नसतोच, आणि आपल्या गावात नेमका तोच मोठा असतो. म्हणून दुसऱ्याचा तक्ता कॉपी करायचा नाही.

पहिलं काम: माणसं आणि वर्ष ठरवा

पाच-सहा जणांचा एक गट पुरे. ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण लोक ग्रामसेवकच म्हणतात), एक-दोन मेंबर, बचत गटाच्या एक ताई, आशाताई किंवा अंगणवाडी सेविका, शाळेतले एक सर, आणि एक्सेल येणारा एक मुलगा किंवा मुलगी. आशाताईंना घ्याच, कारण कुठल्या घरात काय चाललंय हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. ग्रामसभेत ठराव करून गट नेमा, तोंडी नको. ठराव असला की महावितरणच्या ऑफिसात किंवा जनावरांच्या दवाखान्यात माहिती मागायला गेलं तर "तुम्ही कोण" असं विचारत नाहीत.

मग पायाभूत वर्ष. म्हणजे ज्या वर्षाशी पुढची सगळी तुलना होणार ते वर्ष. एप्रिल ते मार्च असं आर्थिक वर्षच घ्या, कारण पंचायतीचं दप्तर तसंच असतं. दुष्काळाचं वर्ष घेऊ नका, विहिरीत पाणीच नसलं तर पंप चालत नाहीत आणि हिशोब उगाच कमी दिसतो, मग पुढच्या चांगल्या पावसाच्या वर्षी वाटतं की गावाने काहीच केलं नाही. कोरोनाचं २०२०-२१ पण नको, तेव्हा गाड्याच उभ्या होत्या.

दुसरं काम: आकडे गोळा करणं, आणि इथेच खरा वेळ जातो

जगभर शहरं आणि गावं ज्या पद्धतीने हिशोब मांडतात तिला जीपीसी म्हणतात, तिचं सार इतकंच की तीन कप्पे करायचे. आपल्या हद्दीत जे जळतं किंवा जनावरांतून, शेतातून, कचऱ्यातून निघतं ते पहिल्यात. वीज आपण वापरतो पण धूर कोराडी, चंद्रपूरला निघतो, ती दुसऱ्यात. आणि आपल्यामुळे हद्दीबाहेर जे घडतं, म्हणजे बाहेर जाणारा कचरा, बाहेरचा प्रवास वगैरे, ते तिसऱ्यात. पहिल्या वर्षी पहिले दोन नीट करा. तिसऱ्याच्या मागे लागून आराखडाच अर्धवट राहिलेली गावं मी बघितलीत.

पंचायतीची वीज सगळ्यात सोपी. नळपाणी योजनेचा पंप, स्ट्रीट लाईट, ऑफिस, शाळा, अंगणवाडी, सगळी बिलं काढा आणि रुपये नाही तर युनिट लिहून घ्या. आम्ही पहिल्या गावात बसलो तेव्हा रबर लावून ठेवलेले बिलांचे गठ्ठे होते, दोन तास नुसती महिन्याप्रमाणे लावत बसलो, आणि स्ट्रीट लाईटचे युनिट काही केल्या जुळेनात, दिवे मोजले त्याच्या जवळपास दुप्पट युनिट येत होते. शेवटी एक मेंबर म्हणाले चला बघून येऊ, आणि दुपारी दीड वाजता भर उन्हात मारुतीच्या देवळापासून वेशीपर्यंत ओळीने सगळे दिवे चालू! बंद करायचं बटणच नव्हतं, थेट तारेवर जोडलेले. समजा ६० दिवे २० वॅटचे, बारा तास चालले तर दिवसाला साडेचौदा युनिटच्या आसपास होतात, चोवीस तास चालले की दुप्पट, म्हणजे वर्षाला पाच हजारांवर युनिट नुसते उन्हात जातात. टायमर बसवला की ते थांबतात. हिशोब मांडायचा फायदा हा असा पहिल्याच दिवशी दिसतो.

घरांची वीज आणि शेतीपंपांची वीज महावितरणच्या उपविभागाकडून मागा, गावाप्रमाणे किंवा फीडरप्रमाणे (सबस्टेशनवरून येणाऱ्या लाईनप्रमाणे) एकूण युनिट द्या म्हणून पत्र द्यायचं, कुणाचं वैयक्तिक बिल मागायचं नाही. शेतीपंपांबाबत एक काळजी घ्या. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून बिल माफ आहे, त्यामुळे शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणतो बिल शून्य, पण युनिट शून्य नसतात, कोळसा तर जळतोच. शिवाय बऱ्याच पंपांना मीटरच नाहीत, एचपीवर आकारणी. तिथे फीडरचा आकडा घ्या, तो नसेल तर पंपांची संख्या, एचपी आणि वर्षाचे अंदाजे तास असा हिशोब करा आणि हा अंदाज आहे असं तक्त्यात स्पष्ट लिहा.

स्वयंपाकाचं इंधन घरोघरी जाऊनच कळतं. घरांची यादी नमुना ८ वरून घ्या, दर पाचवं घर निवडा, सगळ्या वस्त्या आल्या पाहिजेत, गावठाणातली घरं आणि मळ्यातली घरं यांचं इंधन वेगळं असतं. प्रश्न कसा विचारता यावर सगळं अवलंबून आहे. "गॅस आहे का?" असं विचारलं की शंभरातली नव्वद घरं हो म्हणतात आणि खरंच असतो. त्याऐवजी विचारा, "मागची टाकी कधी आणली?" एका घरात मावशींनी गॅस दाखवला, शेगडी चकचकीत पुसलेली, आणि टाकी आणली होती मागच्या दिवाळीत. सकाळचा चहा गॅसवर, भाकरी चुलीवर, आणि अंघोळीचं पाणी परड्यातल्या बंबावर, त्यात लाकूड, तुराट्या, नारळाच्या झावळ्या, मिळेल ते. बंबाचा प्रश्न यादीत वेगळा ठेवा, तो हमखास सुटतो.

गाड्यांसाठी जवळच्या पेट्रोल पंपाची विक्री घेऊ नका, हायवेवरचं सगळं ट्रॅफिक तुमच्या गावाच्या नावावर पडेल. त्याच घरोघरच्या पाहणीत विचारा, आठवड्याला किती रुपयांचं पेट्रोल टाकता, लोकांना लिटर नाही पण रुपये बरोबर सांगता येतात. ट्रॅक्टरवाल्यांना वेगळं गाठा, दहा-पंधरा जणच असतात.

जनावरांची संख्या पशुवैद्यकीय दवाखान्यात पशुगणनेतून मिळते आणि डेअरीतल्या माणसाकडून तपासून घ्या. खताच्या गोण्या कृषी सेवा केंद्रवाला आणि सोसायटी सांगते. कचरा आणि पाचट जाळणं याला कुठेच दप्तर नाही, तिथे कृषी सहायकांबरोबर बसून किती एकर उसाचं पाचट पेटवलं जातं याचा अंदाज घ्यायचा.

तिसरं काम: गुणाकार

आता प्रत्येक गोष्टीला एक आकडा लावायचा. हे ढोबळ आहेत पण गावासाठी पुरतात: ग्रीडची एक युनिट वीज म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, एक लिटर पेट्रोल २.३ किलो, डिझेल जवळपास २.७ किलो, १४.२ किलोची गॅसची एक टाकी म्हणजे ४२ किलोच्या आसपास. दुभत्या गायीसाठी आयपीसीसीच्या (हवामान बदलाचा अभ्यास करणारी संयुक्त राष्ट्रांची समिती) २००६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये भारतीय उपखंडाचा आकडा वर्षाला ५८ किलो मिथेन आहे, म्हशीला ५५, आणि मिथेनला २८ ने गुणायचं कारण तो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडच्या तितके पट उष्णता धरतो. म्हणजे एक दुभती गाय दीड टनाच्या वर जाते. युरियाची ४५ किलोची एक गोणी शेतात टाकली की त्यातून निघणारा नायट्रस ऑक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड मिळून शंभर किलोच्या वर भरतो, आणि यात कारखान्यात युरिया बनवताना जो धूर निघतो तो धरलेलाच नाही.

एक नमुना करून दाखवतो म्हणजे चित्र डोळ्यापुढे येईल. समजा ४०० घरांचं बागायती गाव आहे. घरटी महिन्याला ८० युनिट, तर घरांची वीज वर्षाला २६९ टन. ५ एचपीचे २०० पंप वर्षाला हजार तास, ५१८ टन. ३०० दुभत्या गायी, २०० म्हशी, ७९५ टन. ३०० मोटारसायकली महिन्याला दहा लिटर, ८३ टन. घरटी सहा टाक्या, १०१ टन. १५ ट्रॅक्टर वर्षाला दीड हजार लिटर डिझेल, ६० टन. हजार गोण्या युरिया, ११९ टन. आणि साठ स्ट्रीट लाईट, रात्रीच चालू धरले तर पावणेचार टन. एकूण १९५० टनांच्या जवळपास.

हे आकडे जरा वेळ बघत बसा. जनावरं आणि शेतीपंप मिळून दोन तृतीयांश. स्ट्रीट लाईट पाचशेव्या भागाइतकेही नाहीत. आता बहुतेक गावांचं पर्यावरणाचं काम कुठून सुरू होतं? सोलर स्ट्रीट लाईटपासून, कारण ते दिसतं आणि उद्घाटन करता येतं. ते करू नका असं मी म्हणत नाही, बिल वाचतं, पण ते करून गाव कार्बन न्यूट्रल झालं असा बोर्ड लावू नका. आणि झाडांचं म्हणाल तर चांगलं वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड शोषतं असं धरलं, तर या गावातल्या नुसत्या जनावरांसाठी चाळीस हजार मोठी झाडं लागतील. रोपं नाही, वाढलेली झाडं. म्हणून आधी कमी करायचं, मग उरलेल्यासाठी झाडं.

चौथं काम: काय करायचं ते निवडणं

प्रत्येक उपायासमोर तीन प्रश्न लिहा. किती टन कमी होईल, पैसा कुठून येईल, आणि हे पंचायतीच्या हातात आहे का. तिसरा प्रश्न लोक विसरतात. पंचायत स्वतःचे दिवे बदलू शकते, पण शेतकऱ्याचा पंप बदलू शकत नाही, तिथे पंचायतीचं काम माहिती देणं, अर्ज भरून देणं, जागा देणं एवढंच.

शेतीपंपांसाठी सध्या सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.०, ज्यात अख्खा शेतीचा फीडर सोलरवर जातो आणि शेतकऱ्याला दिवसा वीज मिळते. जागा भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, आणि ज्या पंचायतीत प्रकल्प होतो तिला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं प्रोत्साहन अनुदान. पड गायरान असेल तर आधी गावात नीट बोला, कारण त्याच गायरानावर कुणाच्या तरी शेळ्या चरतात, आणि त्या माणसाला ग्रामसभेत बोलावलं नाही तर तो पुढे विरोध करणार आणि त्याचं बरोबरच असणार. वेगळा सोलर पंप हवा असेल तर मागेल त्याला सौर कृषी पंप, सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के हिस्सा, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. हे होईपर्यंत एक साधी गोष्ट करता येते, पंपाला कपॅसिटर बसवणं आणि ऑटो स्विच काढणं. लाईट आली की शंभर पंप एकदम उठतात आणि डीपी जळते, हे सगळ्यांनी भोगलंय. आणि ठिबक असेल तिथे पंपाचे तास कमी होतात, ते पण आकड्यात धरा.

जनावरांबाबत कुणीही "जनावरं कमी करा" असं बोलू नये, दुधावर घरं चालतात आणि असं बोललं की त्या क्षणी सगळा आराखडा लोकांच्या मनातून उतरतो. करायचं ते हे की खाद्य सुधारायचं, नुसत्या वाळल्या कडब्याऐवजी कुट्टी, हिरवा चारा, मुरघास, संतुलित आहार, म्हणजे दूध वाढतं आणि लिटरमागे मिथेन कमी होतो. आणि शेणाचं काहीतरी करायचं. २ घनमीटरच्या गोबर गॅसला रोज ५० किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच मोठी जनावरं असलेल्या घराला तो जमतो, चुलीचं लाकूड आणि गॅसची टाकी दोन्ही वाचतं, वर स्लरी खत म्हणून मिळते आणि युरियाची गोणी कमी लागते. एका उपायाने चार रकाने कमी होतात असा दुसरा उपाय मला गावात दिसलेला नाही. जुने बंद पडलेले गोबर गॅस आधी मोजा, बरेचदा नुसता पाईप किंवा डोम दुरुस्त केला की चालू होतात. सामुदायिक प्लांट करायचा तर स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यातल्या गोबरधन योजनेत जिल्ह्याला ५० लाखांपर्यंत तरतूद आहे, पण शेण रोज गोळा कोण करणार हे आधी ठरवा.

घरांच्या छतासाठी पीएम सूर्यघर आहे, पहिल्या दोन किलोवॅटला किलोवॅटमागे ३० हजार, तीन किलोवॅट किंवा वर असेल तर एकूण ७८ हजार सबसिडी. एक किलोवॅट वर्षाला साधारण चौदाशे युनिट देतो, म्हणजे जवळपास एक टन वाचतो, हा हिशोब लक्षात ठेवायला सोपा. साताऱ्याच्या पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, लहान वाडी आहे, शंभरेक घरं, जाऊन बघून या. भंडारा जिल्ह्यातल्या बेला ग्रामपंचायतीला राष्ट्रीय पंचायत पुरस्कारांत कार्बन न्यूट्रलचा विशेष पुरस्कार मिळाला, तिथेही जा, आणि गेलात तर नुसते फोटो काढू नका, त्यांचं दप्तर बघायला मागा.

बाहेरची दोन उदाहरणं पण लक्षात ठेवा. जम्मूमधल्या सांबा जिल्ह्यातली पल्ली, एप्रिल २०२२ मध्ये ५०० किलोवॅटचा सोलर प्लांट तिथे सुरू झाला, पण तसा बाहेरून आलेला मोठा प्रकल्प प्रत्येक गावाला मिळणार नाही. मला जास्त शिकण्यासारखं वाटतं ते केरळातल्या वायनाडचं मीनंगाडी, २०१६ पासून त्यांनी आधी मोजलं, आणि मग झाडं टिकावीत म्हणून ट्री बँक काढली, शेतकऱ्याने झाड गहाण ठेवायचं, झाडामागे वर्षाला ५० रुपये बिनव्याजी कर्ज दहा वर्षं मिळतं, आणि झाड तोडलं नाही तर ते फेडायची गरज नाही. लावण्याऐवजी टिकवण्याला पैसे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी दिसत नाही.

पाचवं काम: आराखड्यात घालणं

इथे बहुतेकांचं गाडं अडतं. छान रंगीत पुस्तिका तयार होते, ग्रामसभेत वाटतात, आणि पुढे काहीच नाही, कारण त्यातलं एकही काम जीपीडीपीत, म्हणजे आपल्या "आमचं गाव, आमचा विकास" आराखड्यात गेलेलं नसतं. जे काम ई-ग्रामस्वराज या पंचायतींच्या सरकारी पोर्टलवर चढलं नाही त्याला निधी नाही. शाश्वत विकासाच्या नऊ थीमपैकी "स्वच्छ आणि हरित गाव" ही थीम याच्यासाठीच आहे, पण नळपाण्याच्या पंपाचं काम पाण्याच्या थीममध्ये टाकलं तरी चालतं.

पैशाचं साधं गणित असं. १५ व्या वित्त आयोगात (मार्च २०२६ पर्यंत) ६० टक्के निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठीच, आणि ४० टक्के अबंधित होता. पाणी योजनेचं सोलर, गळती काढणं, ओला कचरा, सांडपाणी हे बंधितमध्ये बसवायचा प्रयत्न करायचा, टायमर आणि दिवे अबंधितमधून. तुमच्या वर्षाला कुठले नियम लागू आहेत ते ग्रामसेवकांकडून बघून घ्या. शोषखड्डे, बांधावरची झाडं, नाडेप कंपोस्ट हे रोजगार हमीतून. आणि माझी वसुंधरा अभियान, २०२० च्या २ ऑक्टोबरला सुरू झालेलं, त्यात भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच तत्त्वांवर गुण असतात, तुमचा हिशोब तयार असेल तर अग्नी आणि वायूचे रकाने भरणं एकदम सोपं जातं.

प्रत्येक कामासमोर एका माणसाचं नाव आणि एक तारीख हवीच. "समिती" असं लिहिलं की ते काम कुणाचंच नसतं.

ग्रामसभेत मांडताना टन हा शब्द एकदाच वापरा. लोकांना युनिट, टाक्या, गोण्या आणि रुपये कळतात, त्यातच बोला. आम्ही एका सभेत नुसतं पाणी योजनेचं वर्षाचं बिल फळ्यावर लिहिलं आणि खाली लिहिलं की रोज रात्री टाकी किती वेळ ओसंडून वाहते. त्यानंतर अर्धा तास मला बोलावंच लागलं नाही, वाल्वमन, बायका, मेंबर आपापसातच बोलत होते आणि शेवटी टाकीला फ्लोट बसवायचा ठराव झाला.

सहावं काम: दरवर्षी परत मोजणं

दरवर्षी एप्रिलमध्ये तोच तक्ता, तीच घरं, तेच प्रश्न. पद्धत बदलली तर मागचं वर्ष पण नव्या पद्धतीने परत काढा, नाहीतर कमी झालं ते कामामुळे की मोजण्यामुळे ते कळत नाही. पाऊस किती झाला तेही बाजूला लिहून ठेवा. एखाद्या वर्षी आकडा वाढला तर तसाच लिहा आणि १५ ऑगस्टच्या सभेत वाचून दाखवा, नवीन बागायत झाली, घरं वाढली, कारणं असतात, लोकांना ती समजतात.

हे सगळं एका जाड रजिस्टरमध्ये हाताने पण उतरवून ठेवा. एक्सेल ज्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये असतं तो नोकरीला पुण्याला जातो आणि ग्रामसेवकांची बदली होते, हे होणारच आहे. म्हणून बदली व्हायच्या वेळी चार्ज यादीत हे रजिस्टर पान क्रमांकासह लिहून घ्यायला सरपंचांनी विसरायचं नाही, आणि शेवटच्या पानावर महावितरणच्या फीडरचं नाव, पंचायतीच्या सगळ्या मीटरचे ग्राहक क्रमांक आणि पाहणीतल्या घरांची यादी चिकटवून ठेवायची, म्हणजे पुढच्या माणसाला पहिल्यापासून शोधत बसावं लागणार नाही.